मुलुंड ते व्हिएन्ना: सायकल सहलीची तयारी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातल्या काही गोष्टी गाळल्या आहेत, बाकी जसंच्या तसं ठेवलं आहे.)

कमिटीने मला सांगितलं, "वहिनी, तुमच्या युरोपच्या सहलीवर बोला, फोटो दाखवा." फोटो तुम्ही सगळ्यांनी ग्रुपवर पाहिलेत, काहींनी तर न बघताच अंगठे दाखवलेत. म्हणून आज फोटो नाहीत. पण सहलीहून आल्यापासून लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, जिन्यात मला एकच प्रश्न विचारला जातोय, "आम्हालाही जायचंय हो, तयारी काय करायची?" तेव्हा तयारीबद्दलच बोलते. सहल आठ दिवसांची, तयारी आठ महिन्यांची होती, त्यामुळे बोलायलाही तेच जास्त आहे.

आधी थोडक्यात काय केलं ते. २०२३च्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं, मी सत्तावन्न आणि आमचे हे एकसष्ट, जर्मनीतल्या पासाऊ गावापासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवर गेलो. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, सात दिवसांत. आता कॉलेजची मुलं हसतील, कारण हे अंतर ती दोन दिवसांत मारतात. मारू देत. मी सायकल शिकले वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, याच आपल्या कंपाउंडमध्ये. मागून सीट धरून धावायला आपले वॉचमनकाका होते आणि गॅलरीतून सूचना द्यायला तीन मजले होते. तेव्हा सव्वातीनशे मला पुष्कळ.

डॅन्यूबच का? आमच्या ह्यांच्या डोक्यात आधी व्हिएतनाम होतं, मग लडाख. मी म्हटलं, पहिल्यांदा अनोळखी देशात जायचं तर भाषा अनोळखी, जेवण अनोळखी, वाहतूक उलटी, त्यात रस्ता तरी सोपा हवा. हा रस्ता नदीबरोबर जातो, म्हणजे चढ जवळजवळ नाहीच. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जो लांबलचक सायकलमार्ग आहे, युरोव्हेलो ६, त्यातला हा तुकडा सगळ्यात जास्त लोकांनी केलेला, पाट्या जागोजागी, गावं जवळजवळ. वारा साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणून पासाऊहून व्हिएन्नाकडे जायचं, उलट नाही. एवढं एक कळलं तरी निम्मी दमछाक वाचते.

मुलगा म्हणाला, "आई, लाखो रुपये घालवून तिकडे जाऊन सायकलच चालवायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये.

आता सराव. आपण मुलुंड पूर्वेला राहतो हे सायकलवाल्याचं नशीब आहे. पहाटे साडेपाचला नव्वद फुटी रस्त्यावरून निघालं की ऐरोलीचा पूल, पुढे वाशीवरून पाम बीच रोड, बेलापूरपर्यंत जाऊन परत. पुलाचा चढ हा आमचा हिमालय. थोडं जमायला लागल्यावर येऊरला गेलो. येऊरचा चढ मी चार वेळा उतरून, सायकल हातात धरून चढलेय, मला त्याची लाज नाही. बोरिवलीला नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंतचा रस्ताही छान आहे, पण मुलुंडहून तिकडे पोचेपर्यंतच सकाळ संपते.

सरावाबद्दल एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. रविवारी एकदा पन्नास किलोमीटर मारले की आपण समजतो, जमतंय. पण सहलीत दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सीटवर बसायचं असतं. पहिल्या दिवशी पाय दुखतात, दुसऱ्या दिवशी जे दुखतं त्याचा उल्लेख इथे हॉलमध्ये करता येत नाही. म्हणून शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवस जा. आणि पॅडवाली शॉर्ट घ्या. बायकांनो, लाजू नका, वरून कुर्ता घालता येतो, मी तशीच फिरले. ती शॉर्ट आतले कपडे न घालता घालायची असते, हे मला दुकानदाराने सांगितलं नाही, आमच्या सुनेने सांगितलं. सांगताना ती भिंतीकडे बघत होती.

दुसरं म्हणजे पंक्चर. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मिस्त्रींकडे मी दोन रविवार शिकवणी लावली. ट्यूब काढणं, पाण्यात बुडवून बुडबुडा शोधणं, घासणं, सोल्युशन लावून वाळू देणं. "ताई, वाळू द्या, घाई करू नका," हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की तिकडे रस्त्यावर मला त्यांचाच आवाज ऐकू येत होता. तिकडच्या सायकलींना बऱ्याचदा वेगळा, बारीक व्हॉल्व्ह असतो, फ्रेंच व्हॉल्व्ह म्हणतात. आपल्या पंपाची तोटी त्याला बसत नाही. सायकल भाड्याने घेताना पंप बसतो का ते दुकानातच बघा.

हो, सायकल भाड्याने घेतली. आपली इथून न्यायची की नाही यावर आमच्याकडे महिनाभर चर्चा चालली. न्यायची तर खोक्यात भरायची, हँडल फिरवायचं, पेडल काढायची, पुढचं चाक काढायचं, विमान कंपनीला आधी कळवायचं, आणि सहल एका गावात सुरू होऊन दुसऱ्या गावात संपणार, मग ते रिकामं खोकं कुठे ठेवायचं? पासाऊला सायकल घेऊन व्हिएन्नाला परत करता येते, तशी सोय आहे. आम्ही तीच घेतली. पण सीट मात्र दोघांनी आपापली नेली. सव्वातीनशे किलोमीटर अनोळखी सीटवर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या कवळीने जेवण्यासारखं आहे. बॅगेत एक सीट आणि एक पाना, बस.

आता मुख्य अडचण, उजवी बाजू. तिकडे सगळं उजवीकडून चालतं. हे वाचून कळतं, पण चौकात वळताना डोकं ऐकत नाही. आपल्या रस्त्यावर याचा सराव करायला गेलो तर सहलीऐवजी हॉस्पिटलात पोचू. मग कमिटीची परवानगी काढून रविवारी सकाळी सहा ते सात आम्ही कंपाउंडमध्ये सराव केला. चार कुंड्या मधे ठेवून गोल चौक केला. आपल्याकडे गोल चौकात देवाला घालतो तशी प्रदक्षिणा असते, तिकडे उलटी. डावीकडे वळताना समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, कारण तिथे डावीकडचं वळण मोठं. ए-विंगची पोरं गाड्या झाली. एकाने तर तोंडाने ट्रकचा हॉर्न वाजवून मला कुंडीत पाडलं. ती कुंडी अजून सोसायटीची देणं लागते, सेक्रेटरी साहेब, मला आठवण आहे.

ब्रेकचंही तसंच. माझ्या इथल्या सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे. तिकडे बहुधा पुढचा डाव्या हाताला. उतारावर घाईत चुकीचा दाबला की आपण सायकलच्या पुढे. शिवाय काही सायकलींना उलटं पेडल मारलं की मागचा ब्रेक लागतो. थांबल्यावर पेडल मागे फिरवून पाय ठेवायची आपल्याला सवय असते, तिथे ते फिरतच नाही. म्हणून सायकल ताब्यात घेतल्यावर अर्धा तास दुकानाच्या आसपासच फिरा. लोक बघतात. बघू देत.

कागदपत्रांचं भराभर सांगते, कारण यात रस कमी आणि कटकट जास्त. शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे मागायचा. आमच्या रात्री ऑस्ट्रियात जास्त म्हणून ऑस्ट्रिया. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी केलाच पाहिजे, पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. कमीत कमी ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आणि इथे जरा थांबा. विमा घेताना आम्हाला एका एजंटने सांगितलं, "सगळं कव्हर आहे, काका, डोळे मिटून सही करा." आम्ही डोळे उघडून बारीक अक्षर वाचलं तर आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च त्यात बसत नव्हता. आमच्या ह्यांना बीपी आहे. म्हणजे नेमकं जे होण्याची भीती, तेच वगळलेलं. दुसरी पॉलिसी घेतली, थोडी महाग पडली. साहसी खेळ वगळलेले असतात त्यात सायकल येते का, हेही लेखी विचारून घ्या.

खाण्याचं. भाजणी, मेतकूट, चिवडा, चटण्या नेल्या. दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे घरीच राहिले. कढीपत्त्याची ताजी पानंही नाही चालत. रविवारी तिकडे दुकानं बंद. आम्ही शनिवारी, २ तारखेला पोचलो म्हणून संध्याकाळीच ब्रेड, फळं घेऊन ठेवली, नाहीतर पहिला उपास तिथेच घडला असता. लहान गावातल्या खाणावळींचा आठवड्यातून एक सुट्टीचा दिवस असतो, दारावर 'रूहेटाग' लिहिलेलं असतं. हा शब्द पाठ करा. आणखी दोन, 'उमलाइटुंग' म्हणजे वळणमार्ग आणि 'गेश्पेर्ट' म्हणजे बंद. एवढ्या तीन शब्दांवर माझं जर्मन चाललं. नमस्काराला ऑस्ट्रियात 'ग्र्युस गॉट' म्हणतात, ते म्हटलं की समोरचा हसतो आणि मग आपल्याला न कळणारं पुष्कळ बोलतो.

आता जे सांगण्यासाठी मी खरं तर इथे उभी आहे ते सांगते. आमच्या ह्यांना विचारून सांगतेय, ते मागे बसलेत.

एप्रिलमध्ये आम्ही शहापूरपर्यंत जायचं ठरवलं. मुलुंडहून साठेक किलोमीटर, हायवेने, माजिवडा, भिवंडी बायपास, पडघा. पहाटे निघायचं ते निघायला साडेसहा झाले, माझ्यामुळे. पडघा सोडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. मी पुढे, हे मागे. मधे मधे मी ओरडून विचारत होते, "ठीक आहे ना?" मागून यायचं, "हो हो, चल." वाशिंद फाट्याच्या अलीकडे मी विचारलं आणि काहीच आलं नाही. मागे वळून पाहिलं तर हे रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून बसलेले, चेहरा पांढराफटक. बाजूने ट्रक जात होते. मला एवढंच आठवतंय की मी त्यांच्या डोक्यावर बाटली ओतली आणि ती बाटली भरलेली होती. माझी केव्हाच संपली होती, त्यांनी जवळजवळ पाणी प्यायलंच नव्हतं.

एका टेम्पोवाल्याने दोन्ही सायकली मागे टाकल्या आणि आम्हाला पुढे बसवलं. भल्या माणसाने पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर कळलं की ह्यांना पडघ्याच्या आधीपासूनच गरगरत होतं. मग बोलले का नाही? तर म्हणे, "तू इतकी हौसेने चालली होतीस. आणि मी थांबूया म्हटलं असतं तर तू सहलच रद्द केली असतीस." पाणी का नाही प्यायलं? तर वाटेत लघवीला कुठे थांबायचं, म्हणून.

मी पंधरा दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. रागापेक्षा भीती जास्त होती. मनात सहल रद्द करून टाकली होती. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी गोळ्या विचारल्या. बीपीसाठी जी गोळी चालू होती तिने लघवी जास्त होते, शरीरातलं पाणी कमी होतं. वर ऊन, वर पाणी न पिणं. त्यांनी स्ट्रेस टेस्ट करून घेतली, गोळी बदलून दिली आणि म्हणाले, सायकल चालवा, पण लपवू नका. तेव्हा साठीच्या पुढच्या पुरुषांनो, आणि बायकांनोही, सायकल घेण्याआधी आपल्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. तिकडे नेताना गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव तिकडच्या केमिस्टला कळत नाही.

त्यानंतर आम्ही घरात एक नियम केला. दोघांपैकी कुणीही "थांबूया" म्हटलं की थांबायचं. का, किती राहिलंय, अजून थोडंच आहे, असं काही विचारायचं नाही. आणि सहल रद्द होणार नाही, फक्त तो दिवस संपेल. हा नियम नुसता बोलून चालत नाही, त्याची सोय करावी लागते. म्हणून आम्ही पूर्ण कार्यक्रम पुन्हा आखला. प्रत्येक दिवसाच्या वाटेवर मधे कुठे रेल्वे स्टेशन आहे ते नकाशावर खूण केलं. पहिले दोन दिवस रेल्वे नदीपासून लांब जाते, तिथे प्रवासी बोटींची ठिकाणं बघून ठेवली. हॉटेलं अशी घेतली की रात्रीचा मुक्काम ठरलेला, तिथवर सायकलने जा नाहीतर गाडीने. नकाशा फोनमध्ये नेटशिवाय चालेल असा उतरवून घेतला आणि शिवाय एका कागदावर स्टेशनांची नावं लिहून हँडलच्या पिशवीत ठेवली. सकाळी निघताना हे मला बाटली दाखवायचे आणि दर तासाला रिकामी करून दाखवायचे, शाळेतल्या डब्यासारखी.

वाचताना मला आपल्या मुंबईच्याच सहा पारशी तरुणांची गोष्ट सापडली. १५ ऑक्टोबर १९२३ला ते मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी १९२८मध्ये फेरी पुरी केली, सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांनी पुस्तकही लिहिलं, त्याला नेहरूंची प्रस्तावना आहे. पुण्याची वेदांगी कुलकर्णी तर २०१८मध्ये, विशीतली पोर, एकशेएकोणसाठ दिवसांत जगाला सायकलने फेरी मारून आली. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पूर्ण केली. ही सगळी मोठी माणसं. पण मला राहून राहून त्या १९२३च्या उरलेल्या तिघांची आठवण येते. घरून इतक्या लांब, दोस्तांसमोर, "मी इथून पुढे येत नाही" हे त्यांनी कसं सांगितलं असेल? आमच्या ह्यांना पडघ्याला ते माझ्यासमोर सांगता आलं नाही, आणि मी तर बायको.

असो. ४ सप्टेंबरला सोमवारी पासाऊहून निघालो. पासाऊला तीन नद्या मिळतात, डॅन्यूब, इन् आणि इल्झ. पहिल्या दिवशी मी पहिल्याच वळणावर डाव्या बाजूला गेले आणि एका आजोबांनी घंटी वाजवून मला ओळीत आणलं. श्लोगनला नदी इतकी वळते की आपण मागे चाललोय असं वाटतं. दोन दिवसांत लिंझ.

तिसरा दिवस सगळ्यात लांब होता, लिंझ ते ग्राइन, साठच्या आसपास. ऊन चांगलंच होतं. माउटहाउझनपर्यंत गेलो. हे गाव नात्सींच्या छळछावणीसाठी इतिहासात आहे, वर टेकडीवर तिचं स्मारक आहे. नदीकाठी एका बाकावर बसलो. मी दशम्या काढल्या. मी म्हणणार होते, की आज स्मारक बघून पुढे जाऊ, वेळ आहे. त्याआधी हे म्हणाले, "थांबूया."

मी का विचारलं नाही. नियम होता. खरं सांगायचं तर जिभेवर आलं होतं, कारण चेहरा चांगला दिसत होता, बाटली रिकामी होती, आणि मला माझे साठ किलोमीटर हवे होते. मी कागद काढला, त्यावर माउटहाउझन स्टेशन लिहिलेलं होतं. सायकलींचं तिकीट काढून गाडीत चढलो आणि ग्राइनला उतरलो. गाडीत हे खिडकीतून बाहेर बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पायात गोळे येत होते सकाळपासून. सकाळीच सांगणार होतो." मी म्हटलं, "दुपारी सांगितलंत, पुष्कळ झालं."

दुसऱ्या दिवशी ग्राइनहून मेल्क. तिथला मठ पिवळाधमक, लांबूनच दिसतो. पुढे वाखाऊचं खोरं, द्राक्षांचे मळे, जर्दाळूचा जॅम. ते वर्णन मी करत नाही, फोटो ग्रुपवर आहेत. १० तारखेला रविवारी व्हिएन्नाला पोचलो आणि गणपतीच्या आधी मुलुंडला. आमच्या वहीत लिहिताना हे तिसऱ्या दिवसासमोर किलोमीटर मांडत होते, तर मी म्हटलं, गाडीतले वजा करा. त्यांनी वजा केले.

जानेवारीपासून पुन्हा कंपाउंडमध्ये रविवारी सकाळी सहाला सराव सुरू करतोय. कुंड्या सेक्रेटरी साहेब देणार आहेत, तसं त्यांनी आत्ताच मान डोलावून सांगितलंय. पंप आणि पंक्चरचं सामान गच्चीवरच्या कपाटात आहे, किल्ली वॉचमनकाकांकडे. सीट मात्र कुणी मागू नका. आणि काही विचारायचं असेल तर घरी या, फक्त रात्री साडेनऊनंतर नको, आम्ही झोपलेले असतो.